आईला 'अभ्यासात' घ्यायचं का विचारतायत, सही करावी का? (गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, बेळगाव)

मलप्रभाकाठ
सोमवार, रात्री १०:२०

नमस्कार. मी मूळची खानापूर तालुक्यातली, लग्न होऊन बेळगावात वडगावला. इथे बरेच दिवस वाचते, लिहितेय पहिल्यांदाच.

आई ५८ वर्षांची. पाळी जाऊन आठ वर्षं झाली. यंदा रोपलावणीच्या वेळेला तिला अंगावरून लाल गेलं. "चिखलात वाकून वाकून झालं असेल" म्हणून गप्प बसली. गणपतीला मी माहेरी गेले आणि परड्यात धुणं वाळत घालताना तिचा परकर माझ्या हाताला लागला, डाग धुऊन धुऊन पिवळा पडलेला. विचारलं तेव्हा म्हणाली, तीन महिने झाले. कुणाला सांगायचं ग, घरात सगळे पुरुष.

तुकडा काढून तपासायला पाठवला. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, स्टेज तीन बी. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन नाही. २५ शेक (रेडिएशन), दर आठवड्याला एक केमो, नंतर आतला शेक (आत नळ्या बसवून).

हे पचवत होतो तोवर दुसऱ्या एका खोलीत बोलावलं. तिथल्या मॅडमनी सांगितलं की एक अभ्यास चालू आहे. एका गटाला नेहमीसारखा २५ दिवस शेक, दुसऱ्या गटाला तोच शेक कमी दिवसांत, रोज थोडा जास्त. कोण कुठल्या गटात ते कॉम्प्युटर ठरवणार. चौदा पानांचा कागद दिला. इंग्रजी आणि कन्नड. मला शाळेत कन्नड होतं, मी वाचते. आई चौथी शिकलेली, तीही मराठी शाळेत. रोज सकाळी चष्मा लावून पोथी वाचते, पण त्या कागदातलं एक अक्षर तिला लागत नाही.

दादा भडकलाय. "आईवर प्रयोग करायला द्यायची नाही. पैसे गेले तर जाऊ देत, शेत गहाण टाकतो, पण ऑपरेशन का करत नाहीत ते आधी विचार," असं चाललंय. गुरुवारपर्यंत कळवायचंय. हा प्रयोगच असतो का? नाही म्हटलं तर उपचारात हयगय करतील का? कुणाच्या घरी हे झालं असेल तर कृपा करून लिहा.


शेकवाला_मिरज
सोमवार, रात्री ११:०५

ताई, मी मिरजेला रेडिओथेरपीच्या मशीनवर काम करतो, सोळा वर्षं झाली. डॉक्टर नाही. पण बेळगाव, चिकोडी, रायबागच्या बायका रोज माझ्या टेबलावर असतात, म्हणून लिहितो.

आधी दादांच्या प्रश्नाचं. ऑपरेशन करत नाहीत म्हणजे आशा सोडली, असा समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. या कॅन्सरला तो लागू नाही. तीन बी म्हणजे आजार पिशवीच्या तोंडापासून ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोचलाय, किंवा मूत्रनळी दाबली गेलीय. तिथे सुरी घातली तर मागे काहीतरी राहणारच. शेक तिथवर पोचतो. आणि ऑपरेशन जमू शकेल अशा, आईंच्या अलीकडच्या टप्प्यातल्या बायकांमध्येसुद्धा परळच्या टाटा मेमोरियलने हाच प्रश्न नीट तपासला. ६३५ बायका. निम्म्यांना आधी केमो देऊन मग ऑपरेशन, निम्म्यांना शेक आणि केमो बरोबरच. २०१८ ला निकाल छापून आला. पाच वर्षांनी आजार न उलटलेल्या बायका शेक-केमोच्या गटात शंभरात ७७, ऑपरेशनच्या गटात ६९. तेव्हा शेत गहाण टाकू नका.

आता तुमच्या आईंच्याच टप्प्याचं. तीन बी ला नुसता शेक द्यायचा की सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध द्यायचं, हा जुना वाद होता. परदेशातून १९९९ मध्ये सिस्प्लॅटिनच्या बाजूने सांगितलं गेलं, पण आपल्याकडच्या बायका येतात त्या उशिरा, अंगात रक्त कमी, किडनीवर ताण. त्यांना केमो झेपेल का? टाटातच २००३ ते २०११ या काळात तीन बी च्या ८५० बायका अभ्यासात घेतल्या. निम्म्यांना नुसता शेक, निम्म्यांना शेक आणि केमो. पाच वर्षांनी केमोवाल्या गटात शंभरातल्या ५४ जिवंत होत्या, नुसत्या शेकवाल्या गटात ४६. आईंना उद्या जो 'नेहमीचा उपचार' मिळणार आहे, त्यातली दर आठवड्याची ती सलाईनची बाटली या ८५० बायकांमुळे पक्की झाली. बहुतेक आपल्यासारख्याच घरातल्या.

अभ्यासात जा किंवा जाऊ नका, दोन गोष्टी धरून ठेवा. बाहेरचा शेक आणि आतला शेक मिळून आठ आठवड्यांच्या आत संपला पाहिजे. मध्ये लग्न, यात्रा, सुगी, काही येऊ दे, खंड पडू द्यायचा नाही. दिवस लांबले की आजाराला सवड मिळते. आणि क्रिएटिनिनचा (किडनी कशी चालते ते सांगणारा) रिपोर्ट हातात घेऊन बघा. मूत्रनळी दाबली गेली असेल तर किडनी सुजते, मग सिस्प्लॅटिन देता येत नाही. आधी नळी घालून वाट मोकळी करावी लागते.


शहापूरचा_माग
मंगळवार, सकाळी ७:१५

शेकवाला यांनी मनापासून लिहिलंय, त्याबद्दल आदर आहे. पण दुसरी बाजूही ताईंना कळायला हवी.

उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत १९९९ पासून एक मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, ५२ गटांत वाटलेल्या. एका गटाची हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्याची पॅप (तोंडाच्या पेशी काढून तपासणं), तिसऱ्याची व्हिनेगार लावून डोळ्यांनी पाहणी. आणि चौथ्या गटाची तपासणीच नाही. त्यांना माहिती दिली, दवाखाना कुठे आहे ते सांगितलं, बस्स. आठ वर्षांनी मोजदाद झाली. एचपीव्ही तपासलेल्या ३४,१२६ बायकांत या कॅन्सरने ३४ गेल्या. न तपासलेल्या ३१,४८८ मध्ये ६४.

त्या ६४ बायकांना आपण चौथ्या गटात आहोत हे कुणी नीट समजावून सांगितलं होतं का? यावर डॉक्टर लोकांतच नंतर मोठा वाद झाला. त्या गरीब नसत्या, सोलापूर-लातूरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या असत्या, तर असा गट ठेवला असता का? माझी आत्या याच आजाराने गेली. ती कुठल्या अभ्यासात नव्हती, पण न तपासलेली होती. म्हणून तो आकडा वाचला की मला झोप लागत नाही. ताई, सही करण्याआधी एकच विचारा: माझ्या आईला कमी पडणारा गट यात आहे का?


बार्शीची_माहेरवाशीण
मंगळवार, दुपारी १:४०

निपाणीहून लिहितेय. शहापूरच्या दादा, तुम्ही सांगितलेला अभ्यास आमच्या गावात आला होता. माझं माहेर बार्शीपासून तासाभरावर, परंड्याच्या बाजूला. तेव्हा मी नववीत होते.

पांढरी जीप यायची. बायकांना शाळेच्या खोलीत बोलवायचे, खिडक्यांना चादरी लावलेल्या. आदल्या दिवशी दोन बाया घरोघर फिरून समजावून जायच्या. आमची आई आणि धाकटी काकू दोघी गेल्या. आई लाजून परत येत होती, काकूने हाताला धरून नेलं. महिन्याभराने चिठ्ठी आली की काकूला बार्शीला यायचंय. तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलमध्ये तिच्या पिशवीच्या तोंडाला थंडीचा उपचार केला, त्याच दिवशी संध्याकाळच्या एसटीने ती घरी. काकू आज ७१ वर्षांची आहे आणि अजून ज्वारी पाखडते.

तुमचा राग मला कळतो. पलीकडच्या गावांत जीप आलीच नाही. तिथली माझ्या वर्गातल्या मुलीची आई पुढे याच आजाराने गेली. ते गाव अभ्यासात होतं की नव्हतं, मला माहीत नाही. पण काकूकडे बघितलं की ती बाई आठवते, दर वेळेला. दोन्ही खरं आहे. त्या अभ्यासानंतर जगभर एचपीव्हीची तपासणी आधी करावी असं ठरलं, आणि त्याची किंमत कुणीतरी दिली.

फक्त ताईंच्या आईंचं वेगळं आहे. त्यांच्या कागदात दोन्ही गटांना पूर्ण उपचार आहे, असं त्यांनीच लिहिलंय.


मलप्रभाकाठ
मंगळवार, दुपारी ३:१०

हो, दोन्ही गटांना केमो आहे, आतला शेक आहे. फरक दिवसांचा. तुम्हा सगळ्यांचं लिहिणं दादाला वाचून दाखवलं. ऑपरेशनबद्दलचं त्याला पटलं. 'प्रयोग' हा शब्द मात्र तो सोडत नाही.


सिस्टर_चंदगड
मंगळवार, रात्री ९:३०

मी स्टाफ नर्स. पाच वर्षं अशाच एका अभ्यासाची समन्वयक होते (दुसऱ्या शहरात), म्हणजे तुम्हाला कागद देणाऱ्या मॅडमचं काम मी केलंय. त्या खुर्चीवर बसून जे कळलं ते सांगते.

पहिली गोष्ट भाषेची. पेशंटला समजते त्या भाषेत कागद मिळणं हा तिचा हक्क आहे. २०१९ चे औषध-चाचणीचे नियम घ्या नाहीतर आयसीएमआरची (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) मार्गदर्शक तत्त्वं घ्या, दोन्हीकडे हेच आहे. वाचता येत नसेल तर हॉस्पिटलशी संबंध नसलेला साक्षीदार बसवून सगळं वाचून दाखवायचं, त्याचीही सही घ्यायची. तुमच्या आईला वाचता येतं. मग तिला मराठी कागदच मिळाला पाहिजे. तुम्ही तोंडी भाषांतर करून सांगितलंत ते मायेने केलंत, पण ते पुरेसं नाही. नकळत आपण घाबरवणारे शब्द गाळतो. मी स्वतः माझ्या सासूबाईंच्या वेळेला गाळले होते. उद्या जाऊन सरळ सांगा, "मराठी प्रत द्या, एथिक्स कमिटीने मंजूर केलेली. तोवर आम्ही हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही." (एथिक्स कमिटी म्हणजे अभ्यासातल्या पेशंटच्या हक्कांवर लक्ष ठेवणारी समिती.) आपल्या भागात यात भांडण्यासारखं काही नाही. बेळगावच्या दवाखान्यात कन्नड, मराठी, उर्दू बोलणारे रोज एकाच बाकावर बसतात.

दुसरी गोष्ट. शेवटच्या पानांवर शोधा: एथिक्स कमिटीचा फोन नंबर, इजा झाली तर उपचार कोण करणार, भरपाई कशी, आणि 'कधीही बाहेर पडता येईल, त्यामुळे उपचारात फरक पडणार नाही' हे वाक्य. हे नसेल तर उठून या. असेल तर सहीनंतर त्याची एक प्रत घरी न्यायची, हॉस्पिटलच्या फाइलमध्ये ठेवून यायची नाही. कागदावर सीटीआरआयचा (अशा अभ्यासांच्या देशातल्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांकही बघा. २००९ पासून औषधोपचाराचा अभ्यास सुरू करण्याआधी तिथे नोंद करावी लागते आणि ती कुणालाही इंटरनेटवर उघडून बघता येते.

दादांच्या 'प्रयोग' शब्दाबद्दल. दोन्ही उपचारांपैकी कुठला चांगला हे डॉक्टरांना खरोखरच माहीत नसतं तेव्हाच अशी चिठ्ठी टाकायला परवानगी मिळते. माहीत असून टाकली तर तो गुन्हा झाला. शहापूरच्या दादांचा आक्षेप नेमका तिथेच आहे, आणि तो मला रास्त वाटतो. तपासणीचा उपयोग होतो हे बऱ्यापैकी ठाऊक होतं. पण रोज थोडा जास्त शेक देऊन दिवस कमी करता येतील का, हे आज खरंच कुणाला पक्कं माहीत नाही. जमलं तर लोंढ्याहून, जांबोटीहून रोज येणाऱ्या बाईचे किती हेलपाटे वाचतील. आतड्याला, मूत्राशयाला त्रास वाढला तर नको म्हणायचं. हे विचारूनच ठरणार.

आणि एक. बेळगाव जिल्ह्याला संशोधन नवं नाही. इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या लोकांनी खेड्यांतल्या नर्सबाईंकडून बाळंतिणींना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या देऊन अभ्यास केला होता, १,६२० बायका. २००६ मध्ये छापून आला. जास्त रक्तस्राव होणाऱ्या बाळंतिणी शंभरात १२ होत्या, त्या ६ वर आल्या. ती गोळी पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत याच कामासाठी गेली. मला नर्सिंगला हे शिकवलं तेव्हा बेळगावचं नाव पुस्तकात बघून अंगावर काटा आला होता. आमच्याच गल्लीबोळांतल्या बायका त्या.


निपाणीची_आक्का
बुधवार, सकाळी ६:५०

सगळे अभ्यासाचं बोलताहेत, मी शेकाचं सांगते. माझे झाले सहा वर्षांमागं. आता बरी आहे, घरचं सगळं करते.

पोरी, आईला रोज शेकाच्या आधी पाणी प्यायला लावतील आणि लघवी धरून ठेवायला सांगतील. लघवीची पिशवी भरलेली असली की आतडं वर सरकतं, त्याला शेक कमी लागतो. मला हे कुणी समजावलं नव्हतं, मी लाजेने आधीच लघवीला जाऊन यायची आणि मशीनवर पडायची. मग ते पोट बघून परत पाठवायचे, पुन्हा पाणी, पुन्हा बसा. कारण कळल्यावर कधी चुकवलं नाही. घरून तांब्या न्या, मापाने पाणी द्या.

पोटावर आणि कुल्ह्यावर निळ्या खुणा करतात. त्या पुसायच्या नाहीत. आपल्या बायकांच्या परकराची नाडी नेमकी तिथेच घासते. माझ्या खुणा दुसऱ्या दिवशीच गेल्या, पुन्हा सगळं मोजावं लागलं. आईला नाडी सोडून सैल गाऊन घाला ते पाच-सहा आठवडे. म्हातारी ऐकणार नाही, "गाऊन घालून एसटीत बसू?" म्हणेल. वरून साडी गुंडाळा, नाडी नको.

जुलाब होतील, तिसऱ्या आठवड्यात. ताक-भात, मऊ भात, डाळीचं पाणी. तिखट बंद. रक्त दर आठवड्याला बघतात, कमी झालं तर चढवतात, घाबरायचं नाही.

आणि हे लाज सोडून लिहिते. शेक संपल्यावर आतली वाट आवळत जाते. त्यासाठी डायलेटर वापरायला सांगतात, नळीसारखं असतं. मला कुणी सांगितलंच नाही. नंतर तपासायला डॉक्टरीण बाईंना बोटसुद्धा घालता येईना, इतकं दुखलं. नवरा असो नसो, पुढची तपासणी नीट व्हायची तर ते करावं लागतं. उपचार संपतील त्या दिवशी तुम्ही स्वतः विचारा. ते विसरले तरी तुम्ही विसरू नका.

बसचं: आधार कार्ड दाखवलं की कर्नाटकच्या साध्या सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट नाही, शक्ती योजनेत. पंचवीस दिवसांचे जाण्यायेण्याचे पैसे वाचतात. सोबत पुरुष आला तर त्याचंच काढायचं.


मलप्रभाकाठ
बुधवार, सकाळी ८:००

आक्का, नाडीचं वाचून मी रडले. आईला असलं कोण सांगणार होतं?


रताळ्याचं_शेत
बुधवार, दुपारी १२:२५

धाग्यात थोडं वेगळं विचारते, कडोलीजवळून. माझ्या वहिनीला पाळीत खूप रक्त जायचं म्हणून एका लहान दवाखान्यात पिशवी काढून टाकली, ४१ व्या वर्षी. आधी पॅप नाही, तुकडा नाही. काढलेली पिशवी तपासायला पाठवायची असते हेही आम्हाला माहीत नव्हतं, नशिबाने दुसऱ्या डॉक्टरांनी आग्रह केला. त्यात कॅन्सर निघाला. आता शेक घ्यावा लागणार म्हणतात. आतड्यांना जास्त त्रास होतो का?


शेकवाला_मिरज
बुधवार, दुपारी २:१५

हे दर महिन्याला बघतो आणि दर वेळी जीव जळतो. पाळीचा त्रास म्हणून पिशवी काढण्याआधी पिशवीच्या तोंडाची तपासणी झालीच पाहिजे. कुणी ऑपरेशन सुचवलं तर आधी तेवढा एक रिपोर्ट मागा.

पिशवी काढल्यावर आतडी खाली त्या मोकळ्या जागेत उतरतात, म्हणून शेकाचा त्रास त्यांना जास्त होतो. पण यावरही टाटाने अभ्यास केलाय, नेमका वहिनींसारख्या ३०० बायकांवर: ऑपरेशननंतर शेक. निम्म्यांना नेहमीच्या पद्धतीने, निम्म्यांना आयएमआरटीने (आजूबाजूचे अवयव वाचवत नेमका शेक देण्याची पद्धत) आणि रोज फोटो घेऊन. तीन वर्षांत आतड्यांचा बऱ्यापैकी त्रास झालेल्या बायका नेहमीच्या पद्धतीत शंभरात ४२, दुसरीत २१. निम्मा फरक. २०२१ ला छापून आलं. "आयएमआरटी आहे का, आणि योजनेत बसते का" हे दोन प्रश्न विचारा. बेळगाव, हुबळी, मिरज, कोल्हापूर, जिथे मिळेल तिथे घ्या. जवळचं आहे एवढ्यासाठी जुन्या पद्धतीवर राहू नका.

सिस्टर म्हणतात तसं: तिथेही चिठ्ठी टाकूनच गट पाडले होते. बायका हो म्हणाल्या म्हणून आज मी तुम्हाला आकडा सांगू शकतोय.


घटप्रभा_८४
बुधवार, दुपारी ४:३०

पैशांबद्दल. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक, पण खाजगी हॉस्पिटलसाठी सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र आधी घ्या. अॅडमिट झाल्यावर धावपळ नको. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं. मिरज-कोल्हापूरला जाणार असाल तर तिथल्या आरोग्यमित्राला कागदपत्रं आधी फोनवर विचारा.


सिस्टर_चंदगड
बुधवार, रात्री ९:१०

रताळ्याच्या ताई, एक पुस्ती. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन करायचं असेल तर दुर्बिणीचा आग्रह धरू नका. लहान छिद्रं, लवकर घरी, म्हणून सगळ्यांना तेच हवं असतं. २०१८ मध्ये ६३१ बायकांच्या अभ्यासाचा निकाल आला आणि डॉक्टरांनाच धक्का बसला. साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्या बायका पोट उघडून केलेल्यांत ९६.५ टक्के, दुर्बिणीवाल्यांत ८६. चांगलं वाटतं ते चांगलं असतंच असं नाही, हे शोधायला चिठ्ठी टाकावी लागली.

आणि ज्यांच्या घरात लेकी आहेत त्यांच्यासाठी. एचपीव्हीची लस एका डोसनेही चांगलं काम करते हे कसं कळलं, माहीत आहे? भारतातल्या एका अभ्यासात मुलींना दोन किंवा तीन डोस द्यायचे होते. २०१० मध्ये सरकारने मधेच थांबवलं आणि हजारो मुलींचा एकच डोस झाला. शास्त्रज्ञांनी त्यांची पाठ सोडली नाही, वर्षानुवर्षं बघत राहिले. त्यात बार्शीच्या मुलीही होत्या. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोस चालेल असं सांगितलं, त्यात या मुलींच्या माहितीचा मोठा वाटा आहे. पुण्यात बनणारी लसही आता बाजारात आहे. लेकीसाठी बालरोगतज्ज्ञांना विचारा.


मलप्रभाकाठ
शुक्रवार, रात्री ९:५५

उशीर झाला, माफ करा. काय झालं ते क्रमाने सांगते.

बुधवारी जाऊन मराठी प्रत मागितली. मॅडम आधी म्हणाल्या, "तुम्हाला कन्नड येतं ना, तुम्हीच सांगा की." मी म्हटलं, सही माझी नाही. त्या गप्प झाल्या. मग स्वतःच म्हणाल्या की दुसऱ्या केंद्रावर मंजूर झालेली मराठी प्रत आहे, पण इथल्या कमिटीची मंजुरी घेऊन आणायला दोन दिवस लागतील. शेक त्यासाठी थांबणार नाही ना विचारलं. प्लॅनिंगचा स्कॅन त्याच दिवशी करून घेतला, म्हणजे दिवस वाया गेला नाही. राग धरण्यासारखी बाई नव्हती. तिलाही कुणी असं मागितलं नव्हतं इतकंच.

आज प्रत मिळाली. आईने चष्मा लावला आणि कॉरिडॉरमध्ये बाकावर बसून पोथीसारखी बोट फिरवत वाचली. दीड तास. दादा चहा आणायला तीनदा गेला. नवव्या पानावर ती थांबली. तिथे लिहिलं होतं की जास्त शेकाच्या गटात आतड्याला त्रास वाढण्याची शक्यता आहे. हे मी सोमवारी तिला सांगितलंच नव्हतं. सिस्टर, तुम्ही म्हणालात तसंच, मी गाळलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं फक्त.

मग आत जाऊन डॉक्टरांना तिनं दोनच गोष्टी विचारल्या. "मी नाही म्हटलं तर सोमवारी शेक मिळणार का?" मिळणार. "आणि आधीच्या बायकांनी नाही म्हटलं असतं तर?" डॉक्टर खुर्चीवरून पुढे झाले आणि त्यांनी तेच सांगितलं, ८५० बायकांचं. मी हे त्यांच्या तोंडून ऐकेन असं वाटलं नव्हतं. आई म्हणाली, "कुठल्या गावच्या होत्या त्या?" त्यांना सांगता आलं नाही.

सही केली. पूर्ण नाव, वडिलांचं नव्हे, नवऱ्याचं लावून, हळूहळू. दादाने साक्षीदार म्हणून सही केली. प्रत घरी आहे, देव्हाऱ्याखालच्या खणात.

कॉम्प्युटरची चिठ्ठी नेहमीच्या गटाची निघाली. २५ शेक. दादाचं झालं, "मग उपयोग काय झाला?" त्याला काय सांगू?


शहापूरचा_माग
शुक्रवार, रात्री १०:४०

मी सांगतो. नुसत्या शेकाचा गट नसता तर ५४ हा आकडा कशाच्या शेजारी ठेवला असता? तुमच्या आईंच्या गटाशिवाय दुसऱ्या गटाला अर्थ नाही. मी ज्या चौथ्या गटावर बोललो तो वेगळा, तिथे काहीच नव्हतं. इथे आईंना पूर्ण उपचार आहे, आणि त्यांना सगळं वाचून माहीत आहे. मला याच गोष्टीची काळजी होती. आईंना माझा नमस्कार सांगा.


रताळ्याचं_शेत
शनिवार, सकाळी ९:००

वहिनीचं आयएमआरटीचं ठरलं. कार्डावर होतंय. शेकवाले दादा, तुमचे उपकार.


मलप्रभाकाठ
तीन आठवड्यांनी, मंगळवार, रात्री ८:३०

धागा वर काढतेय. आज चौदावा शेक. तिसरी केमो कालच झाली. उलट्या फार नाहीत, जुलाब सुरू झाले, आक्का म्हणाल्या तसं ताक-भातावर आहे. क्रिएटिनिन ठीक. खुणा शाबूत. गाऊनवर साडी गुंडाळून येते आणि बसमध्ये कुणी बघितलं तर पदर पुढे घेते.

मराठी कागदाची चळत आता त्या मॅडमच्या टेबलावर असते. काल चंदगडकडची एक बाई आणि हुक्केरीची एक, दोघी बाकावर वाचत बसल्या होत्या. एकीला चष्मा नव्हता, आईने आपला दिला.

एक विचारायचंय. आतल्या शेकाची आईला भीती वाटतेय. भूल देतात का? किती वेळा?


निपाणीची_आक्का
मंगळवार, रात्री ९:०५

मला चार वेळा दिला, आठवड्यातून दोनदा. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचं बधिर केलं होतं. नळ्या बसवताना कळत नाही, नंतर ओटीपोट जड वाटतं. मशीन स्वतः दहा-पंधरा मिनिटंच चालते, बाकी वेळ बसवण्याचा आणि मोजण्याचा. त्या दिवशी उपाशीपोटी न्या, येताना मऊ उशी न्या, कारने या, बसने नको. कुणी नसलं तर मला कळवा. निपाणीहून माझा मुलगा शनिवारी मोकळा असतो.


शेकवाला_मिरज
मंगळवार, रात्री ९:२०

भूल कुठली हे हॉस्पिटलप्रमाणे बदलतं, तीन-चार वेळा हे साधारण बरोबर. तारखा आत्ताच लिहून मागा, शेवटची तारीख आठ आठवड्यांच्या आत येते का ते कॅलेंडरवर मोजा. येत नसेल तर उद्याच बोला.


मलप्रभाकाठ
मंगळवार, रात्री ९:४५

मोजलं. ५३ वा दिवस येतोय.